पाऊण तोळ्याची दोरी

दिवाळीपर्यंत साखऱ्याच्या शिवारातलं सोयाबीन निघालेलं असतं. मळणीयंत्रांची घरघर थांबते, तूर फुलावर येते, हळदीचा पाला अजून हिरवा असतो आणि हरभऱ्यासाठी रान तयार होत असतं. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या या गावातून सरळ उत्तरेकडे रेघ ओढली, तर जवळजवळ तेराशे किलोमीटरवर ती हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या आसपास पोहोचते. त्या नदीच्या थंड पाण्यात ट्राउट नावाचा मासा आहे. तो पकडायला जी दोरी लागते ती इथल्या गळाच्या दोरीसारखी नसते. ती निवडणं हे या छंदातलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. गंमत अशी की ती समजून घ्यायला लागणारं बरंचसं ज्ञान साखऱ्यासारख्या गावात आधीपासून आहे. गोफण, आसूड, जवस, रेशीम, ज्वारीचं भेंड आणि सोनाराचा तोळा यांत ते विखुरलेलं आहे.

गोफण आणि आसूड

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून ज्याने गोफण फिरवली आहे, त्याला वजनाचा धर्म ठाऊक असतो. गोफणीत जोर दगडात साठतो. दोरीचं एक टोक सुटलं की दगड झेपावतो. साध्या गळाचंही तसंच. शिशाचा गोळा, आमिषाचा गोळा किंवा धातूची चकाकती पट्टी पुढे जाते आणि तिच्यामागे नायलॉनची हलकी तंगूस रिळावरून ओढली जाते.

आसुडाचं सगळं उलट असतं. त्याच्या टोकाला वजन नसतंच. मुठीजवळ जाड असलेली वादी पुढे निमुळती होत जाते. मनगटाचा झटका जाड भागातून बारीक भागात धावतो आणि वादी जसजशी बारीक होते तसतसा वेग वाढत जातो. आसूड कडाडतो तेव्हा त्याच्या टोकाने क्षणभर आवाजाचा वेग ओलांडलेला असतो.

ट्राउटची मासेमारी या आसुडाच्या घराण्यातली आहे. तिला जगभर फ्लाय फिशिंग म्हणतात. इथे आमिष म्हणजे खरा गांडूळ किंवा कणकेची गोळी नाही. बारीक आकड्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून बनवलेली कृत्रिम माशी, म्हणजे ‘फ्लाय’, हे इथलं आमिष. तिचं वजन ग्रॅमच्या अगदी लहान अंशात असतं. ती नुसती फेकायला जावं तर कोंबडीचं पीस फेकल्यासारखं होतं. पीस हातभर अंतरावर गिरक्या घेत पडतं. म्हणून वजन माशीला न देता दोरीला दिलं जातं. लांब, लवचीक काठी मागे-पुढे झुलवायची, जाड दोरी हवेत वळणासारखी उलगडत न्यायची आणि तिच्या टोकाशी असलेली माशी अलगद पाण्यावर ठेवायची. मासेमार फेकतो ती दोरी. माशी तिच्यासोबत जाते.

म्हणूनच या छंदातले जाणकार नवख्याला सांगतात की रिळावरचा खर्च कमी केला तरी चालेल, दोरीवरचा करू नये. लहान ट्राउटसाठी रीळ हे बहुतेक वेळ दोरी गुंडाळून ठेवायचं साधन असतं. दोरी मात्र प्रत्येक फेकीत काम करते.

थंड पाण्याचा पाहुणा

ट्राउट मूळचा भारताचा नाही. तपकिरी ट्राउट युरोपातून आला, इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेतून. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात फ्रान्सिस डे यांनी निलगिरीच्या ओढ्यांत तो आणण्याचे प्रयत्न केले, ते फसले. काश्मीरसाठी १८९९ मध्ये आणलेली अंडी प्रवासात नासली. पुढच्या वर्षी आलेली जगली आणि श्रीनगरजवळच्या हारवानला त्यांचं बस्तान बसलं. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांना यश आलं आणि ॲव्हलांश इथे उबवणी केंद्र उभं राहिलं. काश्मीरची अंडी १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात पोहोचली. तिथलं महिलीचं केंद्र १९४७ च्या पुरात वाहून गेलं, पण मासा नद्यांमध्ये टिकून राहिला. आज बियास आणि तिच्या उपनद्या, बरोटची उहल, रोहरूची पब्बर, सांगल्याची बस्पा, काश्मीरची लिद्दर आणि दक्षिणेत मुन्नारच्या वरच्या डोंगरातले ओढे ही त्याची घरं आहेत.

महाराष्ट्रात तो का नाही, याचं उत्तर पाण्यातच आहे. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांच्या पाण्यात तो साडेसातवर येतो. ट्राउट भरपूर प्राणवायूवर जगणारा मासा आहे. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो खाणं टाकतो, त्याहून वर गेलं की जीव धोक्यात येतो. सेनगावच्या पश्चिमेला पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेलं येलदरी धरण आहे. त्याचा फुगवटा कितीही विस्तीर्ण असला, तरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यात ट्राउट तग धरणार नाही. तिथलं राज्य कटला, रोहू, मरळ, वाम आणि चिलापी यांचं.

मराठी मुलखाला स्वतःचा झुंजार मासा मात्र आहे. कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी या भागातल्या माशांना शास्त्रीय नावं देताना लोकांच्या तोंडची नावंच उचलली. त्यामुळे जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ आज दख्खनच्या महसीराला ‘टोर खुद्री’ म्हणतात, तेव्हा ते नकळत एक मराठी शब्द उच्चारत असतात. लोणावळ्याला वळवण तलावाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात या माशाची कृत्रिम पैदास सुरू केली आणि लाखो पिल्लं देशभरच्या पाण्यात सोडली. महसीरही कृत्रिम माशीवर येतो. मद्रासच्या मुलकी सेवेतले एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून त्याची चर्चा आहे. पण महसीरासाठी सात-आठ क्रमांकाची भक्कम दोरी लागते. ट्राउटची दोरी त्याहून नाजूक असते आणि इथे तिच्याविषयीच बोलायचं आहे.

मराठी माणसाचं आणि तीर्थनसारख्या खोऱ्यांचं नातं गेल्या काही वर्षांत घट्ट होत चाललं आहे. कुलू-मनालीला जाणाऱ्यांतले काहीजण औटच्या बोगद्याआधी उजवीकडे वळून बंजार, नगिनी, गुशैनीकडे जातात. हिंगोलीकरांना ही उत्तरेची वाट तशी नवी नाही. जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. २०१५ मध्ये त्याच घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं. घुमानहून पुढे हिमाचलचे डोंगर फार लांब नाहीत.

रेशीम, जवस आणि काचेचे फुगे

फ्लाय फिशिंगची दोरी आधी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. काठीकडच्या बाजूला जास्त केस पिळायचे आणि टोकाकडे कमी करत न्यायचे. निमुळतेपणाची कल्पना तेव्हापासूनची आहे. मग रेशीम आलं. विणलेल्या रेशमी दोरीत जवसाचं तेल मुरवायचं, सुकवायचं, घासायचं आणि पुन्हा मुरवायचं, अशी तिची पद्धत. जवसाचं तेल हवेत सुकून त्याचा चिवट पापुद्रा होतो, हे लाकडाला तेलपाणी करणाऱ्या सुताराला सांगावं लागत नाही. मराठवाड्याच्या काळ्या रानात जवस पूर्वी भरपूर होत असे, आणि तुतीची लागवड करून रेशीमकोष काढणारे शेतकरी आज हिंगोली-परभणी-जालना पट्ट्यात आहेत. जगातल्या सगळ्यात नाजूक मासेमारीची उत्तम दोरी शंभर वर्षं या दोन शेतमालांवर उभी होती.

रेशमी दोरी सुरेख होती, पण तिची उस्तवार फार. रेशीम पाण्यापेक्षा जड असतं. तरंगायला तिला चरबीचा लेप लावावा लागे. अर्धा दिवस झाला की पाणी आत शिरे आणि दोरी बुडू लागे. रात्री ती रिळावरून उतरवून मोकळी वाळवावी लागे. नाही वाळवली तर कुजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि प्लास्टिकने हे चित्र बदललं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मिडलंड नावाचं रसायन उद्योगाचं गाव आहे. तिथे १९४५ मध्ये लिऑन मार्टुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक अँग्लर्स’ ही कंपनी काढली. विणलेल्या गाभ्यावर पीव्हीसीचा लेप चढवायचा आणि त्या लेपाची जाडी कमी-जास्त करून दोरी निमुळती करायची, ही युक्ती १९५० च्या दशकात रुळली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड कंपनीची ‘३३३’ ही दोरीही त्याच दशकातली. पुढे लेपात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळायला सुरुवात झाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या गोळ्यांत हवा कोंडलेली असते. त्यामुळे लेपाची घनता पाण्याहून कमी होते आणि दोरी चरबीशिवाय तरंगते.

ज्वारीच्या धाटातलं भेंड काढून त्याची बैलगाडी करणाऱ्या, किंवा त्याचाच तुकडा गळाला तरंगा म्हणून बांधणाऱ्या पोराला हे तत्त्व पटकन कळेल. भेंडात हवेच्या पेशी असतात, दोरीच्या लेपात हवेचे गोळे.

पण एक अडचण उरतेच. दोरीचं पुढचं टोक सगळ्यात बारीक असतं. तिथे गाभा तेवढाच राहतो आणि लेप पातळ होतो, म्हणजे हवेचा वाटा घटतो. म्हणून स्वस्त किंवा जुन्या दोरीचं टोक आधी बुडू लागतं. लेपावर शेवाळ आणि धूळ बसली की पाणी झटकण्याचा गुणही जातो. दुकानात दोरी निवडताना ‘टोक किती वेळ वर राहतं’ हा प्रश्न विचारण्यासारखा असतो. चांगल्या दोऱ्यांत टोकासाठी वेगळा, अधिक हलका लेप दिलेला असतो.

तोळ्याचा हिशेब

रेशमाच्या काळात दोरीची ओळख जाडीवरून, इंग्रजी अक्षरांत सांगितली जाई. नायलॉन आणि प्लास्टिक आल्यावर तो हिशेब मोडला, कारण तेवढ्याच जाडीच्या दोन दोऱ्यांचं वजन वेगळं भरू लागलं. काठी तर वाकते वजनाने. म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने वजनाचं प्रमाण ठरवलं. दोरीचे पुढचे ३० फूट, म्हणजे सव्वानऊ मीटरला किंचित कमी, तराजूत टाकायचे आणि ग्रेनमध्ये मोजायचे. तीन क्रमांकाला १०० ग्रेन, चारला १२०, पाचला १४०, सहाला १६०, आठला २१०.

ग्रेन हे माप परकं वाटतं, पण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. आजच्या भाषेत ११.६६ ग्रॅम. पाच क्रमांकाच्या दोरीचे पुढचे ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. पाऊण तोळ्याहून थोडंसंच जास्त. एवढंसं वजन नऊ मीटरवर पसरून हवेतून उलगडत न्यायचं आणि त्याच्या टोकाला शेवरीच्या कापसासारखी माशी अलगद टेकवायची, एवढं हे काम. सात क्रमांकाची दोरी १८५ ग्रेनची. तिथे जुना तोळा पुरा होतो.

काठीवर मुठीच्या वर तिचा क्रमांक लिहिलेला असतो. पाचच्या काठीला पाचची दोरी, हा पहिला नियम. हिमालयातल्या लहान-मध्यम नद्यांसाठी नऊ फुटी, चार किंवा पाच क्रमांकाची काठी सोयीची पडते. ज्याला एकच संच घ्यायचा आहे, त्याने पाच घ्यावा. मोठी, वजनदार माशी आणि दुपारचा डोंगरवारा यांना चारपेक्षा पाच चांगला तोंड देतो.

दुसरा नियम पेटीवरचा बारीक मजकूर वाचण्याचा. आजकाल बऱ्याच कंपन्या पाच क्रमांक लिहून प्रत्यक्षात अर्धा क्रमांक जड दोरी देतात, कारण नव्या काठ्या ताठ असतात. चांगल्या पेटीवर ग्रेन छापलेले असतात. नवशिक्याला थोडी जड दोरी उपयोगीच ठरते. ओढ्यात फेक बहुधा सहा-सात मीटरची असते, म्हणजे ३० फूट दोरी काठीबाहेर गेलेलीच नसते. वजन अपुरं पडलं की काठी वाकत नाही. काठी न वाकता नुसत्या हाताने जोर लावला, की दोरी उलगडण्याऐवजी गोळा होऊन पडते.

पुढे जाड की दोन्हीकडे निमुळती

वजनानंतर आकार. पेटीवर ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ किंवा ‘डीटी-५-एफ’ असं काही लिहिलेलं असतं. मधला आकडा क्रमांकाचा आणि शेवटचा ‘एफ’ तरंगण्याचा. पहिली दोन अक्षरं दोरीच्या अंगाची ठेवण सांगतात.

डब्ल्यूएफमध्ये वजन पुढे एकवटलेलं असतं. टोकाची निमुळती, मग दहा-बारा मीटरचा जाड भाग आणि त्यामागे सगळी बारीक दोरी. जाड भाग हवेत झेपावला की मागची बारीक दोरी काठीच्या कड्यांतून सहज सरकते. दूरची फेक, तलाव, वारा यांना ही बरी. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक दोऱ्या याच घडणीच्या असतात.

डीटी म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, मधे सलग जाड. ती लांब फेकीत मागे पडते, पण तीर्थनसारख्या नदीत तिचे दोन गुण उठून दिसतात. या नदीत पात्र अरुंद, दगड मोठाले आणि काठची झाडं पाण्यावर ओणवलेली. मागे दोरी झुलवायला जागाच नसते. अशा ठिकाणी दोरी पाण्यावरूनच गुंडाळत पुढे लोटावी लागते. तिला ‘रोल कास्ट’ म्हणतात. मागे जाड दोरी असेल तर ती पुढच्या दोरीला रेटा देते. बारीक दोरी रेटा देऊ शकत नाही. दुसरा गुण शेतकऱ्याला भावणारा आहे. एक टोक झिजलं की दोरी रिळावर उलटी गुंडाळायची आणि दुसरं कोरं टोक वापरायचं. एका पैशात दोन दोऱ्या.

पहिल्या नऊ-दहा मीटरपर्यंत दोन्ही दोऱ्या जवळजवळ सारख्याच वागतात. त्यामुळे ज्याला फक्त डोंगरी ओढ्यांत उतरायचं आहे, त्याला डीटी पुरेशी आहे. ज्याला मध्येच तलावावरही जायचं आहे, त्याने लांब जाड भागाची डब्ल्यूएफ घ्यावी. टोकाची निमुळती जितकी लांब, तितकी माशी हळुवार उतरते. ती आखूड असेल तर मोठी माशी आणि वारा पेलता येतो, पण पाण्यावर दोरी आपटते आणि नितळ डोहातला मासा दगडाखाली जातो.

रंगाचा वाद जुना आहे. न्यूझीलंडच्या काचेसारख्या नद्यांवरचे वाटाडे मळकट हिरवी-तपकिरी दोरी पसंत करतात. नवशिक्याला मात्र फिकट, डोळ्यांना दिसेल असा रंग उपयोगी, कारण स्वतःची दोरी कुठे वळते आहे हे पाहूनच हात सुधारतो. मासा आणि दोरी यांच्यामध्ये नऊ फुटांचा पारदर्शक, निमुळता ‘लीडर’ असतोच. माशापर्यंत पोहोचतो तो.

उन्हाचा मामला

मराठी ग्राहकाने सगळ्यात सावध राहावं ते इथे. तरंगत्या दोरीच्या पेटीवर ती थंड पाण्यासाठी आहे की उष्ण, हे लिहिलेलं असतं. ट्राउटची दोरी बर्फाळ पाण्यातही मऊ राहावी म्हणून तिचा लेप मुद्दाम लुसलुशीत ठेवतात. तीच दोरी मे महिन्यात हिंगोलीच्या बेचाळीस अंशांत काढली तर लेप चिकट होतो, दोरी कड्यांतून सरकेनाशी होते आणि शिजलेल्या शेवयांसारखी लोळू लागते. उष्ण समुद्रकिनाऱ्यांसाठी केलेल्या दोरीचा गाभा कडक असतो आणि लेप टणक. ती गोव्याच्या खाडीत झकास चालते. तीर्थनच्या पाण्यात मात्र तिची रिळावरची वेटोळी सुटत नाहीत, स्प्रिंगसारखी तशीच राहतात.

पुण्या-मुंबईच्या दुकानांत दोन्ही प्रकार मिळतात. ऑनलाइन मागवताना तर ‘फ्लोटिंग’ एवढा एकच शब्द पाहून पैसे भरले जातात. फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी एवढंच. कुठल्या पाण्यावर, हा प्रश्न वेगळा. ट्राउटसाठी घेणाऱ्याने थंड किंवा समशीतोष्ण पाण्याची दोरी मागावी. येलदरीच्या फुगवट्यावर मरळ आणि चिलापीसाठी कृत्रिम माशी टाकून पाहायची हौस असेल तर दुसरी, उष्ण पाण्याची दोरी ठेवावी. तिथे जायचं तर आधी परवानगी घ्यावी. महाराष्ट्रात जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते आणि त्या पाण्यावर त्यांची चूल पेटते.

ऊन दोरीचं आयुष्यही खातं. दुपारी बंद मोटारीत ठेवलेली दोरी पाचसहा हंगामांऐवजी एकाच हंगामात तडकू शकते. डासांसाठी अंगाला लावायच्या मलमातलं डीट नावाचं द्रव्य पीव्हीसी विरघळवतं. ते हाताला लागलं असेल तर साबणाने हात धुवूनच दोरीला हात लावावा. पेट्रोल, उन्हाची क्रीम यांचंही तसंच. वेल्समधल्या एअरफ्लो कंपनीसारखे काही उत्पादक पीव्हीसीऐवजी पॉलियुरेथेन वापरतात. ते रसायनांना फारशी दाद देत नाही. दोरी कुठलीही असो, प्रवासानंतर कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब टाकून ती मऊ फडक्याने पुसावी, सावलीत वाळवावी आणि रिळावर फार आवळून ठेवू नये. सुरुवातीला दोन माणसांनी दोन टोकं धरून दोरी हलकेच ताणली की वेटोळी निघतात.

नदी दोरीला ओढते तेव्हा

तरंगती दोरीच का? ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच घेतो, मग बुडणारी दोरी का नको? उत्तर प्रवाहात आहे.

नदीचं पाणी एका वेगाने वाहत नाही. मध्ये धार असते, दगडाआड संथ भोवरा, काठाला मंद झिरप. मासा बहुधा संथ पाण्यात उभा असतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारं खाद्य टिपतो. मासेमाराची माशी त्या संथ पाण्यात पडते, पण त्याची दोरी मधल्या धारेवर आडवी पडलेली असते. धार दोरीला पोटात धरून ओढते, दोरी माशीला ओढते, आणि खऱ्या माशीसारखी निवांत वाहायची ती कृत्रिम माशी पाण्यावर रेघ मारत पळू लागते. जगण्याच्या शहाणपणात ट्राउट कच्चा नसतो. तो तिच्याकडे पाठ फिरवतो.

यावर इलाज म्हणजे दोरी पाण्यावरून उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकणं. त्याला ‘मेंडिंग’ म्हणतात. मनगटाच्या अर्धवर्तुळी हालचालीने दोरीचं पोट उलट दिशेला ठेवायचं, म्हणजे धार ते पुन्हा ओढून नेईपर्यंत माशीला तीन-चार सेकंद मोकळे मिळतात. तेवढे सेकंद पुरतात. बुडालेली दोरी अशी उचलता येत नाही. दोरी वर असेल तरच नदीशी अशी बोलाचाली होते.

पाण्याखालच्या खाद्याची नक्कल करायची तर तरंगत्या दोरीलाच लांब लीडर जोडून पितळी मण्याची जड माशी बांधता येते. ती तळाशी उतरते, दोरी वरच राहते. लीडरवर एक छोटा रंगीत तरंगा लावला की मासा लागल्याचं कळतं. इंग्रजीत त्याला मोठं नाव आहे. पण मोराच्या पिसाच्या काडीचा किंवा भेंडाचा तुकडा बांधून ओढ्याकाठी बसलेल्या मराठवाड्यातल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. तरंगा दचकला, की हात उचलायचा.

म्हणून पहिली दोरी तरंगतीच घ्यावी. पृष्ठभागावरची माशी, पाण्याखालची माशी आणि या दोन्हींच्या मधली, अशी तिन्ही कामं ती करते. बुडणारी दोरी खोल तलावांसाठी आहे आणि ती पुढे कधीतरी घेता येते.

मार्चपर्यंत

तीर्थन आज अशी आहे, याला एक कारण आहे. या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते, तेव्हा बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांनी विरोध केला. नदी अडवली गेली नाही. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावून ती लारजीजवळ बियासला मिळते, तिथवर तिचं पाणी थंड आणि वाहतं राहिलं. ट्राउट टिकला तो त्यामुळे. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय तिथे काठी पाण्यावर धरता येत नाही. बरेच मासेमार काटेरी दात नसलेला आकडा वापरून मासा पाण्यातच सोडवतात. ओल्या हाताने, डोकं वरच्या धारेकडे करून, तो स्वतःहून निसटेपर्यंत धरतात.

एवढं मात्र लक्षात ठेवावं की दिवाळीनंतरचा हिवाळा तिथल्या मासेमारीचा नव्हे. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यावर बंदी असते, कारण थंडीत मासा अंडी घालतो. काश्मीरचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला पावसाने नद्या गढूळ होतात. मार्च ते जून आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर, एवढाच काय तो वेळ.

मधले चार महिने सरावाचे. साखऱ्याच्या काळ्या रानातली ढेकळं आणि खडे दोरीचा लेप खरवडतात, म्हणून सराव सारवलेल्या खळ्यावर किंवा शाळेच्या हिरवळीवर करावा, सकाळी ऊन चढायच्या आत. आकडा काढून टाकावा आणि त्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधावा. दोरीवर टोकापासून ३० फुटांवर रंगीत दोऱ्याची खूण करावी. ती खूण काठीच्या टोकाबाहेर आली की पाऊण तोळ्याचं वजन हवेत आहे असं समजावं. नेमासाठी एक परडी दहा पावलांवर ठेवावी. कोपर शरीराजवळ, मनगट ताठ. काठी मागे नेऊन थांबायचं. दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं. घाई झाली तर तिथेच आसुडासारखा कडाका ऐकू येतो आणि लोकरीचा तुकडा तुटून पडतो. मग पुन्हा बांधायचा. थंडी ओसरेपर्यंत लोकर परडीत पडू लागलेली असते, आणि मार्च उजाडतो.